ओपनडीएसएस की ग्रिडलॅब-डी? डीपीखाली उतरायचं असेल तर

वीजवितरणाच्या जाळ्याचं मॉडेल करणारी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट, दोन्ही असमतोल थ्री फेज लोड फ्लो (कुठे किती व्होल्टेज, किती करंट याचं गणित) सोडवतात, दोन्ही अमेरिकेतली. ओपनडीएसएस एपरी या वीज संशोधन संस्थेने २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ग्रिडलॅब-डी पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीचं. आयईईईचा १३ नोडचा चाचणी फीडर दोन्हींत चालवा, व्होल्टेज जवळपास सारखीच येतील. तेव्हा अचूकतेवरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

फरक आहे तो जाळं मांडण्यात. ग्रिडलॅब-डीत नोड म्हणजे ठिकाण, आणि त्याचे फेज 'एबीसीएन' अशा अक्षरांत. नॉमिनल व्होल्टेज फेज-टू-न्यूट्रल द्यायचं, म्हणजे ११ केव्हीच्या नोडला ६३५१. ओपनडीएसएसमध्ये ठिकाण म्हणजे बस, आणि त्या बसवर येणारी एकेक तार हा नोड: 'खांब१२.१.२.३.४'. इथे चौथा आकडा न्यूट्रलचा; शून्य म्हणजे जमीन.

त्या चौथ्या आकड्यानेच माझा निकाल लावला. ग्रिडलॅब-डीत लाइनला न्यूट्रल कंडक्टर देता येतो, पण क्रॉन रिडक्शन (न्यूट्रल शून्य व्होल्टला धरून गणितातून काढून टाकणं) होऊन तो तीन बाय तीनच्या मॅट्रिक्समध्ये जिरून जातो. न्यूट्रल जागोजागी नीट अर्थ केलेला असेल तिथे हे खपून जातं. आपल्याकडे ६३ केव्हीएच्या डीपीवरून (वितरण रोहित्रावरून) निघालेल्या लघुदाब लाइनवर काय असतं? वस्तीचा बराचसा सिंगल फेज लोड एकाच फेजवर, दोन फेजवर कपॅसिटर लावून चालवलेले पंप, आणि मध्ये कुठेतरी न्यूट्रलचा सैल जॉइंट. तक्रार येते ती 'एका घरात बल्ब मिणमिणतो, शेजारच्याचा टीव्ही जळाला' अशी. ती न्यूट्रलचीच असते, आणि मॉडेलमध्ये न्यूट्रल दिसलाच नाही तर शोधायचं कुठे?

ओपनडीएसएसमध्ये मी चार तारांचा लाइनकोड (तारांच्या रोधाचा तक्ता) केला, घरं '.१.४', '.२.४' अशी जोडली, रोहित्राचा न्यूट्रल '.४' वर काढून रिॲक्टरमधून अर्थ केला. मग एका स्पॅनच्या न्यूट्रलचा रोध मुद्दाम वाढवला. पुढच्या खांबांवर जास्त लोडच्या फेजचं व्होल्टेज खाली बसलं, हलक्या फेजचं २६० व्होल्टच्या वर गेलं. तक्रारवहीत होतं तेच चित्र.

खोडी ओपनडीएसएसलाही आहेत. मूळ वारंवारता ६० हर्ट्झ असते. त्याहून त्रासदायक म्हणजे लोडचं व्हीमिनपीयू (किमान व्होल्टेजची मर्यादा, ठरलेल्या व्होल्टेजच्या पटीत) ०.९५ धरलेलं असतं. व्होल्टेज त्याखाली गेलं की कॉन्स्टंट पॉवरचा (व्होल्टेज पडलं तरी तेवढीच पॉवर ओढणारा) लोड गुपचूप कॉन्स्टंट इम्पिडन्स (व्होल्टेजबरोबर कमी ओढणारा) होतो. शेतीच्या फीडरच्या टोकाला तर ते रोजचंच, त्यामुळे लाइनलॉस आहे त्यापेक्षा कमी दिसतो. मी ते ०.७ करतो. मग कधी सोल्यूशन कन्व्हर्जच होत नाही, म्हणजे उत्तरच निघत नाही. पण निदान फीडर किती ताणलेला आहे ते तरी कळतं.

घरातला एसी, बाहेरचं तापमान, दराप्रमाणे बदलणारी मागणी असा तुमचा प्रश्न असेल, तर ग्रिडलॅब-डीच्या घराच्या मॉडेलला तोड नाही. फक्त त्यातल्या ट्रिप्लेक्स लाइन १२०/२४० व्होल्टच्या अमेरिकी जोडणीसाठी आहेत, आपल्या उपयोगाच्या नाहीत. ११ केव्हीवरच थांबणार असाल तर दोन्हींपैकी काहीही चालावं. लघुदाबात शिरायचं असेल तर मी ओपनडीएसएसच घेईन; फाइलच्या सुरुवातीलाच ५० हर्ट्झ लिहून टाका.