एकटी हाल्ला की चिप्ससाठी चळवळीत आलेले दोघे?

पर्यावरण चळवळीवरचा सिनेमा म्हटलं की आपण मनाची तयारी करून बसतो. ड्रोनमधून दिसणारी उजाड टेकडी, मागे खर्जातला आवाज, शेवटी काळ्या पडद्यावर आकडेवारी. ज्यांना हे आता झेपत नाही, आणि निसर्गमंडळात किंवा फिल्म क्लबात 'या वेळी जरा हलकंफुलकं दाखवू या' असं कबूल करून जे अडकलेत, त्यांच्यासाठी दोन सिनेमे समोर ठेवतो. एक आइसलँडचा 'वूमन अ‍ॅट वॉर' (2018), दुसरा फ्रान्सचा 'अ डिफिकल्ट इयर' (2023). दोन्ही विनोदी, दोन्हींत कायदा मोडणारे कार्यकर्ते आहेत, दोन्हींत सरकारी यंत्रणेची फजिती आहे. पण पहिला सिनेमा कार्यकर्तीच्या डोक्यात शिरून जगाकडे बघतो आणि दुसरा, मोर्च्यामुळे ज्याचं काम अडलंय अशा माणसाच्या नजरेने कार्यकर्त्यांकडे बघतो. निवड करायची ती यावरून.

आधी आइसलँड. पन्नाशीतली हाल्ला ही गावात समूहगायन बसवणारी बाई. सिनेमा उघडतो तेव्हा ती माळावर धनुष्य ताणून उभी आहे. बाण उच्चदाबाच्या तारांवरून पलीकडे जातो, त्यामागून दोर, दोरामागून धातूची तार. ठिणग्या उडतात, शॉर्टसर्किट होतं आणि दूरवर अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना बंद पडतो. तार टाकून कारखाना बंद पाडणं ही नुसती सिनेमाची करामत वाटेल, पण त्यात तथ्य आहे. अ‍ॅल्युमिनियम वेगळं करणाऱ्या कुंडांमधला रस साडेनऊशे अंशांच्या आसपास ठेवावा लागतो आणि तो विजेवरच तापलेला असतो. काही तास वीज गेली की रस गोठायला लागतो आणि कुंडं निकामी होण्याची वेळ येते. हाल्लाने शत्रूची दुखरी नस बरोबर पकडली आहे.

ती अ‍ॅल्युमिनियमवरच का उठली, हे कळायला थोडा भूगोल लागतो. सिनेमा आला तेव्हा त्या देशाची लोकसंख्या जेमतेम साडेतीन लाख होती, आणि देशात तयार होणाऱ्या विजेतली निम्म्याहून बरीच जास्त वीज अ‍ॅल्युमिनियमचे कारखाने खातात. पूर्वेकडच्या एका कारखान्यासाठी तिथल्या निर्मनुष्य पठारावर काराह्न्यूकरचा 690 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प बांधला गेला. कोयनेचे सगळे टप्पे मिळून 1,960 मेगावॉट होतात. म्हणजे साधारण एक तृतीयांश कोयना, आणि तीही एकाच गिऱ्हाइकासाठी. त्यावरून तिथे मोठं आंदोलन झालं. सिनेमा ही माहिती कुठेही समजावत बसत नाही, म्हणून दाखवण्याआधी दोन वाक्यांत सांगून टाकावी. बघणाऱ्याला हाल्ला माथेफिरू वाटण्याचा धोका टळतो.

दिग्दर्शक बेनेडिक्ट एरलिंगसन मुळात नट, त्यामुळे गंमत कुठे थांबवायची याचं भान पक्कं आहे. सर्वांत मोठी गंमत पार्श्वसंगीताची. हाल्ला माळावरून धावते, संगीत सुरू होतं, आणि कॅमेरा जरा सरकतो तर तीन वादक तिथेच, शेवाळावर, वाद्यांसकट उभे! पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे असावेत तसे ते पुढे तिच्या मागे मागे सगळीकडे असतात, डोंगरावर, गच्चीवर, थेट घराच्या दिवाणखान्यातही. दत्तक मुलीसाठी बऱ्याच आधी केलेला अर्ज मंजूर झाल्याचं तिला कळतं, मुलगी युक्रेनची असते, आणि मग वादकांच्या जोडीला पारंपरिक वेशातल्या तीन युक्रेनी गायिका येऊन उभ्या राहतात. कोणी काही बोलत नाही, पण बाईच्या मनात काय चाललंय ते पोचतं.

खरा पेच इथे सुरू होतो. एकीकडे विजेचे मनोरे, दुसरीकडे युद्धात पोरकी झालेली चार वर्षांची मुलगी. तुरुंगात गेलेल्या बाईला मूल कोण देणार? हाल्ला आणि तिची जुळी बहीण आसा या दोन्ही भूमिका हाल्दोरा गेइरहार्डस्डोटिरने केल्या आहेत. आसा योगशिक्षिका आहे आणि तिला भारतातल्या आश्रमाची ओढ. जग बदलायचं की स्वतःला, हा वाद दोन बहिणींत होतो आणि दोन्ही बाजूंना एकच चेहरा आहे. पोलिसांचं हेलिकॉप्टर, ड्रोन, उष्णता टिपणारे कॅमेरे यांच्यापासून हाल्ला कशी लपते ते इथे सांगत नाही. एका मेंढीचा त्यात वाटा आहे एवढंच. आणि सायकलवरून देश बघायला आलेला तो सावळा, स्पॅनिश बोलणारा पर्यटक! काही घडलं की पोलीस आधी त्यालाच उचलतात. हसू येतं आणि मग लगेच अवघडल्यासारखंही होतं.

उणीव सांगायची तर दिग्दर्शकाला हाल्लाचा फार लळा आहे. वेळेवर भेटणारा भला मेंढपाळ, सरकारी वर्तुळात बसलेला साथीदार, सगळं तिच्या बाजूचं. कारखाना बंद पडला तर ज्याचा पगार अडेल त्या माणसाला सिनेमात जवळपास जागाच नाही.

नेमका तो माणूस फ्रेंच सिनेमात भेटतो. सुरुवातीलाच एकामागून एक फ्रेंच राष्ट्राध्यक्ष नववर्षाच्या शुभेच्छा देताना हेच सांगतात की सरलेलं वर्ष कठीण होतं. सगळी खरी जुनी चित्रणं. पुढची दोन तास चालणारी कथा आल्बेर आणि ब्रुनो या दोघांची. दोघे कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले. ब्लॅक फ्रायडेच्या दिवशी आल्बेर स्वस्तातला टीव्ही मिळवायला धावतो, तर दुकानाच्या दारात कार्यकर्त्यांनी साखळी केलेली. 'खरेदी कमी करा' हे त्यांचं म्हणणं योग्यच आहे. पण ते ज्याला ऐकवायचं तो आत्ता, याच क्षणी, खिशात पैसे नसल्यामुळे सवलतीच्या रांगेत उभा आहे. हवामान चळवळीबद्दल मध्यमवर्गात जी कुरकुर चालते ती सगळी या एका प्रसंगात आली आहे.

पुढे हे दोघे त्याच गटात सामील होतात, तत्त्वासाठी अर्थातच नाही. बैठकीत बिअर आणि चिप्स फुकट असतात. गटात प्रत्येकाला टोपणनाव आहे. नेत्या पोरीचं नाव कॅक्टस. नोएमी मेर्लांने ती गंभीरपणे केली आहे म्हणूनच आजूबाजूचा विनोद टिकतो. कर्जबाजाऱ्यांना सल्ला देणारा समुपदेशक स्वतःच जुगारी आहे. ही भूमिका मात्यू आमाल्रिकची. फ्रान्समध्ये कर्ज फेडता न येणाऱ्या माणसाला अर्ज घेऊन देशाच्या मध्यवर्ती बँकेकडे जावं लागतं, एवढं माहीत असलं की उत्तरार्धातली धमाल जास्त कळते.

दिग्दर्शक ओलिव्हिए नाकाश आणि एरिक तोलेदानो ही 'इन्तुशाब्ल'ची जोडी. तेलुगूतला 'ओपिरी' त्याच सिनेमावरून केलेला. हात बसलेला आहे, हशे वेळेवर येतात, पण गोडवाही ठरल्यासारखा येतो. कार्यकर्त्यांची टिंगल किती करायची आणि बाजू किती घ्यायची हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलेलं नाही. प्रेमकथा तर नसती तरी चाललं असतं.

चर्चा घडवायची असेल तर माझं मत हाल्लाच्या बाजूने, आणि कारण तिच्या भिंतीवर आहे. तिथे गांधी आणि मंडेला शेजारी शेजारी टांगलेत. मंडेलांनी 1961 नंतर घातपाताचा मार्ग धरला होता. गांधींना लपूनछपून केलेलं काहीच मान्य नव्हतं. आपल्याकडे हा वाद पुस्तकी नाही. 1942 मध्ये तारा तोडल्या गेल्या, साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं. 1944 मध्ये सुटून आल्यावर गांधींनी भूमिगतांना उघड व्हायला सांगितलं, तरी नाना पाटील 1946 पर्यंत भूमिगतच राहिले. सांगली-साताऱ्याच्या प्रेक्षकांपुढे हाल्लाने तार टाकली की ज्येष्ठ मंडळी गप्प बसणार नाहीत. माणसाला इजा न करता मालमत्ता मोडणं अहिंसेत बसतं का, एवढाच प्रश्न टाकावा आणि बाजूला व्हावं.

उलट, प्रेक्षक जर मुळातच 'हे लोक विकासाच्या आड येतात' म्हणणारे असतील, किंवा तुमच्या गटातलीच मंडळी एकमेकांना कंटाळली असतील, तर फ्रेंच सिनेमा लावा. आरेच्या झाडांवरून घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ज्यांची भांडणं झाली त्यांना तो जास्त जवळचा वाटेल. गोव्यातल्यांनाही. मोलेच्या जंगलातून जाणारे प्रकल्प थांबवण्यासाठी नोव्हेंबर 2020 मध्ये चांदरला लोक रात्री रेल्वेरुळांवर जमले होते. अशा गर्दीत शेजारी उभा असलेला माणूस कशासाठी आलाय हे कधीच नक्की माहीत नसतं. फ्रेंच सिनेमाला नेमकी त्याची मौज वाटते. हाल्ला एकटीच असल्यामुळे तिच्या सिनेमात हा प्रश्न उद्भवतच नाही.

'आपल्यातलं काही नाही का?' असं कोणी विचारेलच. अमित मसुरकरच्या 'शेरनी'त (2021) वनखात्याचा कोरडा, तिरकस विनोद आहे आणि तो चांगलाच आहे. पण तिथे नायिका अधिकारी आहे, चळवळीतली नाही.

सबटायटल्स दोन्हीकडे वाचावी लागतील. 'वूमन अ‍ॅट वॉर' शंभर मिनिटांच्या आसपास संपतो, त्यामुळे नंतर बोलायला वेळ उरतो. पडदा मोठा असेल तर तोच घ्या, कारण त्यातला माळ मोबाइलवर वाया जातो. 'अ डिफिकल्ट इयर' घरच्या टीव्हीवर, जेवणानंतर, ईएमआय भरणाऱ्या मित्रांसोबत. शाळेतल्या मुलांना बसवायचं असेल तर दोन्ही आधी स्वतः पाहून घ्या आणि हाल्ला दाखवणार असाल तर विजेच्या तारांजवळ जायचं नसतं हेही सांगून ठेवा.