नवीन प्लेअर्स हँडबुकमधला मंक: नियम एक नंबर, पण मठ कुठंय?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून फाशांनी खेळायच्या कल्पनारम्य भूमिका-खेळाचं 2024 चं प्लेअर्स हँडबुक (खेळाडूंसाठीचं नियमपुस्तक) मी घेतलं ते मुख्यतः मंकसाठी, म्हणजे मठात घडलेल्या, नुसत्या हातांनी लढणाऱ्या पात्रासाठी. 384 पानं आहेत, 12 क्लास (पात्रांचे प्रकार) आहेत, बाकी अकरांवर लोक भरपूर लिहितायत, मी फक्त मंकचं बोलतो कारण आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त वाद याच्यावरूनच होतात. एकजण हौसेनं मंक घेतो आणि दुसरा लगेच म्हणतो, अरे किल्ले, सरदार, चिलखतं, चर्च असल्या युरोपी जगात हा अनवाणी कुंग फूवाला आला कुठून?

आधी नियमांचं सांगतो, कारण तिथे मनापासून कौतुक करण्यासारखं काम झालंय. 2014 च्या पुस्तकात मंक खेळायचा म्हणजे कायम हात आखडता घ्यायचा, खास डावांसाठी खर्चायचे 'की' नावाचे पॉइंट एकाच मारामारीत संपायचे आणि मग शॉर्ट रेस्ट (खेळातली छोटी विश्रांती) घेऊया ना म्हणून बाकीच्यांच्या मागे लागायचं. आता त्यांना फोकस पॉइंट म्हणतात, आणि दुसऱ्या लेव्हलपासून दिवसातून एकदा इनिशिएटिव्ह (लढाईतला क्रम ठरवायचा फासा) टाकताना ते सगळे परत मिळतात, वर थोडे हिट पॉइंटही भरून निघतात. ठोशाचा फासा डी4 (चार बाजूंचा) ऐवजी डी6 (सहा बाजूंचा) पासून सुरू होतो. बोनस ॲक्शनमध्ये (आपल्या पाळीतली जादा कृती) डॅश (जोरात पळणं) किंवा डिसएंगेज (शत्रूचा मार न खाता बाजूला होणं) करायला पॉइंट लागत नाही, त्यामुळे मंक खरंच सगळ्या मैदानात भिरभिरत असतो. स्टनिंग स्ट्राइक (शत्रूला सुन्न करणारा ठोसा) आता टर्नमध्ये एकदाच, यावर काहीजण नाराज आहेत पण मला ते पटलं, आधी डीएमनं (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मेहनतीनं बनवलेला मोठा राक्षस पहिल्याच राउंडला खांबासारखा उभा राहायचा आणि सगळ्यांचीच मजा जायची.

पण सगळ्यात भारी बदल म्हणजे डिफ्लेक्ट अटॅक्स. आधी फक्त बाण, भाले असलं लांबून आलेलंच अडवता यायचं, आता तिसऱ्या लेव्हलपासून समोरच्या माणसाची गदा, तलवारसुद्धा. आमच्या खेळात ओगरनं गदा घातली, मंकवाल्यानं रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत द्यायचं उत्तर) सांगितली, डी10 टाकला, त्यात डेक्स्टेरिटी (चपळाई) आणि लेव्हल मिळवली, डॅमेज शून्यावर आलं, मग एक पॉइंट खर्चून तोच मार शेजारच्या गॉब्लिनवर वळवला. टेबलावर जो आरडाओरडा झाला तो विचारू नका. नुसत्या हातांनी लढणारा माणूस चिलखतवाल्याच्या शेजारी कमी वाटत नाही, हे पहिल्यांदा नियमांतूनच जाणवलं.

आता तक्रार. क्लेरिकला देऊळ असतं, फायटरला सैन्य, विझर्डला गुरू आणि ग्रंथालय, पण मंकची ओळख पुस्तक थोडक्यात उरकतं, आणि त्याचा मठ कोणाच्या जमिनीवर आहे, पैसा कुठून येतो, राजाशी पटतं का भांडण आहे, यातलं काही हाती लागत नाही. मला विचाराल तर मंक परका वाटतो तो ठोशांमुळे नाहीच, त्याला जगात पत्ता नसतो म्हणून वाटतो.

आणि हे दुखणं जुनंच आहे. मंक पहिल्यांदा आला 1975 च्या ब्लॅकमूर पुरवणीत, 1978 च्या हँडबुकमध्ये होता, मग 1985 मध्ये त्याला ओरिएंटल ॲडव्हेंचर्स या आशियाई धर्तीच्या पुस्तकात हलवलं, 1989 च्या हँडबुकमधून गायबच, 2000 मध्ये परत. म्हणजे याला घरात ठेवायचं का बाहेर हेच ठरत नव्हतं. गंमत अशी की 1978 च्या नियमात एक जबरदस्त गोष्ट होती, सातव्या लेव्हलच्या वर जागाच मोजक्या, वरच्याला लढून हरवलं तरच तुमची बढती, हरलात तर खाली. सगळ्यात वरचा तो ग्रँड मास्टर ऑफ फ्लॉवर्स, जगात एकच. या एका नियमातून मठाचं अख्खं राजकारण उभं राहतं, कोण कोणाचा शिष्य, कोण वर डोळा ठेवून बसलाय, सगळं. नव्या पुस्तकात हे निदान ऐच्छिक म्हणून तरी द्यायला हवं होतं.

तरी नीट वाचलं तर याच पुस्तकात सामान सापडतं. मंकला सुरुवातीला एक कारागिरीची हत्यारं किंवा वाद्य निवडायला मिळतं, तिथे बिअर गाळायचं सामान घ्या. बॅकग्राउंड (पात्राची पूर्वपीठिका) स्क्राइब म्हणजे लेखनिक घ्या, त्यात डेक्स्टेरिटी आणि विस्डम (शहाणपण) दोन्ही वाढवता येतात जे मंकला हवंच असतं. झालं, हस्तलिखितं उतरवणारा, मठाच्या तळघरात बिअर बनवणारा, पहाटे उठून प्रार्थना आणि मग अंगमेहनत करणारा बेनेडिक्टाइन (युरोपातला ख्रिस्ती मठवासी पंथ) वळणाचा माणूस तयार, आणि तो युरोपी जगात कोणालाच खटकत नाही. लढायला कुठे शिकला असं कोणी विचारलं तर इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आय.33 नावाचं साधारण 1300 च्या सुमाराचं जर्मनीतलं हस्तलिखित आहे, युरोपातलं तलवारबाजीचं उपलब्ध सगळ्यात जुनं, आणि त्यात शिकवणारा कोण तर पाद्री! डोक्याचा मधला भाग भादरलेला, अंगात झगा, एका हातात तलवार, दुसऱ्यात छोटी ढाल, शेवटच्या पानांवर तर वालपुर्गिस नावाची बाई त्याच्याबरोबर सराव करतेय. खेळात ढाल घेतली की मंकचं मार्शल आर्ट्स बंद पडतं, त्यामुळे ढाल सोडावी लागेल, पण शॉर्टसोर्ड बिनधास्त चालते.

तयार मठ हवा असेल तर फरगॉटन रेल्म्स या याच खेळाच्या तयार जगात दमारा देशात यलो रोजचा मठ आहे, दुःख सोसणाऱ्या इल्मेटर देवाचा. दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर घ्यायचं ही त्यांची शिकवण, आणि त्यावर नव्या पुस्तकातला वॉरियर ऑफ मर्सी सबक्लास (मंकचा उपप्रकार) इतका चपखल बसतो, त्याच हातानं मारायचं, त्याच हातानं जखम भरायची. मी नवीन खेळाडूला आधी हेच सुचवतो.

पाथफाइंडर या याच धर्तीच्या दुसऱ्या खेळावाल्यांनी हे काम आधीच नीट केलंय. त्यांचं व्हुद्रा हा भारतावर बेतलेला प्रदेश, आणि खेळाच्या मुख्य प्रदेशातच जालमेराय नावाचं व्हुद्रानी बेट, त्यावर हाउसेस ऑफ परफेक्शन म्हणून मठ. म्हणजे मंक कुठून आला याचं उत्तर नकाशावर बोट ठेवून देता येतं. आपल्याकडच्या खेळाडूला तर हे पटकन कळतं, कोल्हापूरच्या तालमींना शाहू महाराजांचा आश्रय होता, वस्ताद, खुराक, गावाचा अभिमान हे सगळं मिळून पैलवान घडतो, एकटा हवेतून येत नाही. मंकचंही तसंच लिहा, वस्तादाला नाव द्या, देणेकरी द्या, शेजारच्या मठाशी जुनं वैर द्या.

एक अडचण राहते ती खजिन्याची. जादूची तलवार फायटरला, कांडी विझर्डला, मंकच्या वाट्याला काय? 2024 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये रॅप्स ऑफ अनआर्म्ड पॉवर आहेत, हाताला गुंडाळायच्या पट्ट्या, +1 पासून +3 पर्यंत. डीएम लोकांनी त्या लवकर द्याव्यात, आणि गुहेतल्या पेटीत टाकण्यापेक्षा मठातल्या एखाद्या म्हाताऱ्या गुरूकडून दिल्या तर उत्तम.

नियमांना माझ्याकडून 5 पैकी 5, जगात बसवण्याला 2. मंक आवडत असेल तर घ्याच, फक्त पहिल्या सेशनच्या आधी डीएमबरोबर अर्धा तास बसून मठ ठरवून टाका. 2014 चं पुस्तक आहे आणि मंक कोणी खेळतच नसेल तर निव्वळ या क्लाससाठी एवढे पैसे घालू नका, मित्राचं पुस्तक बघून आधी दोन-चार लढाया खेळून बघा.