ॲव्हरेज वाढवायचंय: पाण्याचं किट, सीएनजी की आहे तेच नीट?

पेट्रोल शंभरीपार गेलंय आणि त्यात आता वीस टक्के इथेनॉल आहे. दहा टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे. तेव्हा 'गाडी पूर्वीसारखं देत नाही' ही तक्रार मनाचे खेळ म्हणून उडवून लावता येत नाही. नेमकं अशाच वेळी कुणीतरी बॉनेटखाली बसवायचं पाण्याचं किट दाखवतं: साहेब, पाण्यातून हायड्रोजन निघतो, लिटरमागे चार-पाच किलोमीटर सहज वाढतील.

पेट्रोल गाडीवाल्यासमोर आज तीन वाटा आहेत. हे किट, सीएनजी, किंवा काहीच न बसवता आहे ती गाडी नीट ठेवणं. माझं मत आधीच सांगतो, किटवर एक रुपयाही घालवू नका. तरी सगळ्यात जास्त गोंधळ त्याच्याचबद्दल असल्यामुळे सुरुवात तिथूनच.

पाण्याचं किट

डब्यात स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या, पाण्यात थोडा कॉस्टिक पोटॅश आणि बॅटरीकडून आलेली वायर. करंट सुरू झाला की पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. विकणारे या मिश्रणाला एचएचओ किंवा ब्राउन गॅस म्हणतात. नळी एअर फिल्टरच्या पुढच्या होजला जोडलेली असते. दाखवताना ती नळी साबणाच्या पाण्यात बुडवतात, फेसाला काडी लावतात आणि फाट्कन आवाज येतो. बघणारा चपापतो. त्यात हातचलाखी काही नसते, गॅस खरा आणि आवाजही खरा. विचारायचं ते हे की गॅस किती निघतो आणि कुणाच्या खर्चाने.

सहा सेलचं, दहा अँपिअर ओढणारं किट धरा. त्यातून मिनिटाला साधारण ०.६ लिटर गॅस निघतो, त्यातला हायड्रोजन ०.४ लिटर. तासाभरात पाणी संपतं जेमतेम २० मिलिलिटर. इकडे १२०० सीसीचं इंजिन २००० आरपीएमला, थ्रॉटल अर्धवट असताना, मिनिटाला पाचएकशे लिटर हवा ओढत असतं. म्हणजे आत जाणाऱ्या हवेत हायड्रोजन ०.१ टक्कासुद्धा नाही.

ऊर्जेत मोजलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. एवढ्या हायड्रोजनमधून मिळतात सुमारे ७५ वॅट. ताशी ६० च्या वेगाने, लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी तासाला ४ लिटर पेट्रोल जाळते, म्हणजे जवळपास ३५,००० वॅट. आणि ते ७५ वॅट तरी कुठे फुकट मिळतात? किटला १३५ वॅट वीज लागते. ती अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर बेल्टवर फिरतो, बेल्ट इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. प्रत्येक टप्प्यावरची गळती धरली तर त्या १३५ वॅटसाठी ८००-९०० वॅटचं पेट्रोल जळतं. पाणी म्हणजे हायड्रोजनची राख. राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर जळताना निघाली होती तेवढी ऊर्जा आधी घालावी लागते, वर वाटेतली गळती वेगळी.

'बॅटरीत करंट पडूनच असतो' हे वाक्य हमखास ऐकू येतं. पडून नसतो. गाडी न्यूट्रलवर उभी करून किट चालू केलं तर अल्टरनेटरवरचा भार वाढतो, आणि आरपीएम टिकवायला ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) थोडं जास्त पेट्रोल सोडावं लागतं. हेडलाइट लावल्यावर होतं तेच.

जरा अभ्यास केलेला विक्रेता यावर म्हणतो की हायड्रोजन इंधन म्हणून नव्हेच, पेट्रोल पूर्ण जळावं म्हणून सोडायचा. हा मुद्दा ऐकण्यासारखा आहे. हायड्रोजनची ज्वाला वेगाने पसरते आणि त्याच्यामुळे पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलेलं मिश्रणही पेट घेतं, हे खरंच आहे. नासाने १९७७ मध्ये यावर प्रयोगही प्रसिद्ध केले, आणि किटच्या जाहिरातींत नासाचं नाव येतं ते तिथूनच. पण त्या प्रयोगांतला हायड्रोजन सिलिंडरमधून किंवा मिथेनॉलपासून आलेला होता, गाडीच्या अल्टरनेटरवर पाणी फोडून नव्हे, आणि त्याचं प्रमाणही कैक पटींनी जास्त होतं. शिवाय धडधाकट इंजिनात मुळातच ९७-९८ टक्के पेट्रोल जळून जातं. 'अर्धं पेट्रोल धुरातून वाया जातं' हे तद्दन खोटं. वाया जाते ती उष्णता, रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून, आणि ती हायड्रोजनने परत येत नाही.

मग काही किटांसोबत एक छोटी चिप का देतात? धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल बदलून ती ईसीयूला फसवते, म्हणजे तो पेट्रोल कमी सोडतो. यात थोडंफार ॲव्हरेज दिसूही शकतं, पण ते मिश्रण पातळ केल्यामुळे, पाण्याचा त्यात काही हात नाही. पातळ मिश्रणावर नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ते आवरू शकत नाही.

डब्यातलं पाणी काही दिवसांनी पिवळट-तपकिरी होतं, तेही बघून ठेवा. स्टीलमधलं क्रोमियम सुटत असतं, आणि त्याचं हेक्साव्हॅलंट रूप कर्करोगकारक आहे. लोक ते खुशाल गटारात ओततात.

या धंद्याचा इतिहासही फार उजळ नाही. पाण्यावर बग्गी चालवल्याचा दावा करणाऱ्या स्टॅन्ली मेयरला १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने फसवणुकीसाठी दोषी धरून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये असंच किट विकणाऱ्यांना कोर्टात खेचलं. त्यांचा दावा होता किमान पन्नास टक्के जास्त मायलेजचा.

तरीही 'माझ्या गाडीला फरक पडला' असं शपथेवर सांगणारे भेटतात, आणि ते काही खोटं बोलत नसतात. किट बसवताना ऑइल-प्लग बदललेले असतात, नवीन खर्च केल्यावर पाय आपोआप हलका पडतो, आणि टाकी फुल करताना नोझल कधी लिटरभर आधी कट होतो, कधी नंतर. तीस लिटरच्या भरण्यात दोन लिटर इकडे-तिकडे झाले की सात टक्के ॲव्हरेज कागदावर वाढलंच. खरंच तपासायचं असेल तर पंप तोच, नोझल तोच, रस्ता तोच ठेवा. काही टाक्या किट चालू, काही बंद, आणि बटण कुठल्या बाजूला आहे ते चालवणाऱ्याला कळू द्यायचं नाही. असली चाचणी करून दाखवतो म्हणणारा विक्रेता मला अजून भेटलेला नाही.

सीएनजी

सीएनजीनेही इंजिन हुशार होत नाही. फरक एवढाच की इथे बाहेरून वेगळी, स्वस्त ऊर्जा टाकीत येते. एक किलो सीएनजीत एक लिटर पेट्रोलच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते. एक लिटर इंजिनच्या वॅगनआरचे कंपनीचे आकडे बघा: पेट्रोलवर २४.३५ किलोमीटर, सीएनजीवर किलोला ३४.०५.

रस्त्यावरचं गोल गणित असं. पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला १५, म्हणजे किलोमीटरला सात रुपयांच्या आसपास. सीएनजी ९२ रुपये आणि किलोला २१, म्हणजे साडेचारच्या आत. किलोमीटरमागे अडीच रुपये वाचतात. साठ हजारांचं सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं) सीएनजी किट धरलं तर २४,००० किलोमीटरला पैसे वसूल. महिन्याला दीड हजार किलोमीटर होत असतील तर सोळा महिने, सहाशेच होत असतील तर चाळीस.

तोटेही आहेत. डिकी जाते, घाटात गाडी दमते, पंपावर रांग लागते, गॅसच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते. किट मान्यताप्राप्त हवं आणि आरटीओकडून आरसी बुकावर नोंद हवी. पाण्याच्या किटची अशी नोंद करायची सोय नाही आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही.

हायड्रोजन मिसळायचाच तर तो कसा, हे दिल्लीत २०२० साली झालेल्या चाचणीत दिसतं. पन्नास बसना सीएनजीत सुमारे १८ टक्के हायड्रोजन मिसळून दिला, आणि तो पाण्यापासून नव्हे तर सीएनजीपासूनच, डेपोतल्या प्लांटमध्ये बनवलेला होता. नितीन गडकरी २०२२ मध्ये ज्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले, तिच्यातही हायड्रोजन बाहेरून भरावा लागतो. पाणी तिच्या मागच्या नळीतून बाहेर पडतं.

आहे तेच नीट

इथे चमत्कार नाही, पण खर्चही नाही. टायरमध्ये हवा आठ पीएसआयने कमी असेल तर दीडएक टक्का ॲव्हरेज जातं. एअर फिल्टर बदलल्याने मात्र आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत ॲव्हरेज फारसं वाढत नाही. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने ते मोजलेलं आहे. खरी गंमत वेगात आहे. ऐंशीवरून शंभरवर गेलात की हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो. एक्सप्रेसवेवर ऐंशीला क्रूझ करणं हे बाजारातल्या कुठल्याही किटपेक्षा जास्त देतं.

महिन्याला हजार किलोमीटरच्या वर चालवत असाल, गाडी अजून तीन-चार वर्षं ठेवायची असेल आणि घराजवळ सीएनजी पंप असेल, तर सीएनजी घ्या. फिरणं कमी असेल तर हवा, वेग आणि वेळेवर सर्व्हिसिंग एवढंच पुरे. गाडीच बदलायची असेल तर स्ट्राँग हायब्रिडही, म्हणजे पेट्रोल इंजिनच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटरवरही चालणारी गाडी, बघा. ग्रँड व्हिटाराचा कंपनीचा आकडा २७.९७ आहे.

पाण्याचं किट आधीच बसवून बसला असाल तर पहिल्यांदा, त्यासोबत चिप असेल तर ती काढून सेन्सरची वायर मूळ जागी जोडून घ्या, मग नळी काढून होजचं भोक बंद करा. चेक इंजिनचा दिवा येत असेल तर कोड वाचून घ्या आणि पीयूसी नव्याने करा. डब्यातलं पाणी हातमोजे घालून कॅनमध्ये काढा आणि घातक कचरा घेणाऱ्याकडेच द्या.