ब्रोमीन सोडून क्लोरीनवर : नऊ महिन्यांनंतर

आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मागच्या अंगणात ८ बाय ४ मीटरचा पोहण्याचा तलाव आहे, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ४० हजार लिटर पाणी. आईच्या गुडघ्यांसाठी बांधला. पाणी गरम ठेवायचं होतं, म्हणून त्यातले जंतू आणि शेवाळ मारायला बांधणाऱ्याने क्लोरीनऐवजी ब्रोमीन सुचवलं. सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. गरम पाण्यात ब्रोमीन टिकतं, पीएच थोडा वर गेला तरी काम करतं आणि नाकाला झोंबत नाही. पण पहिल्याच वर्षी हीटर बंद पडला तो पडलाच, आणि तलाव उघड्यावर. उन्हात ब्रोमीन बघता बघता उडून जातं. डबे पुण्याहून कुरिअरने यायचे, आणि डबा संपला की पाणी हिरवं!

गेल्या डिसेंबरात ठरवलं, आता क्लोरीन. ते बेळगावात हवं तेव्हा मिळतं. गोळ्या बदलल्या की झालं, अशी माझी समजूत. दोन महिने ओतत राहिलो. उन्हापासून क्लोरीन वाचवायला सायन्युरिक अ‍ॅसिड, म्हणजे स्टॅबिलायझर, तेही घातलं. तरी सकाळी ४ पीपीएम (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात ४ भाग) आणि संध्याकाळी शून्य. दुकानदाराला शिव्या घातल्या (मनातल्या मनात). माल हलका निघाला असंच वाटलं.

मग भाची आली, बेळगावात केमिस्ट्री शिकते. ऐकून हसायलाच लागली. "मामा, तुम्ही क्लोरीन घालताय, पण तलाव ब्रोमीनचाच आहे की!" पाण्यात जुना ब्रोमाइड, म्हणजे वापरून झालेल्या ब्रोमीनचा उरलेला अंश, साठलेला असतो. नवं क्लोरीन त्याच्यावरच खर्ची पडतं आणि त्याचं पुन्हा ब्रोमीन करतं. आणि स्टॅबिलायझर ब्रोमीनला उन्हापासून वाचवत नाही. आई बाजूला तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे विरजणाचं भांडं. न धुता दूध ओतलं की दहीच." मी दोन महिने दूध ओतत होतो. टेस्ट किटवरही कळत नाही, दोन्हींचा रंग गुलाबीच. ब्रोमीनचा आकडा हवा असेल तर क्लोरीनच्या आकड्याला सव्वादोनने गुणायचं, एवढाच फरक.

म्हणजे पाणी सोडणं आलं. फेब्रुवारीच्या शेवटी सोडलं. पावसाळ्यात तलाव रिकामा करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, रिकामी टाकी खालून उचलली जाऊन फुटू शकते. औषध पूर्ण उतरेपर्यंत थांबून विहिरीपासून लांब, गवतावर सोडलं. फिल्टर दोनदा उलटा धुतला. आमच्या विहिरीचं पाणी भरायला सहा दिवस लागले. शेजारच्या वाडीत विहिरी आटत आल्या असताना आपण पोहायला पाणी भरतोय, याची लाज वाटली. ती अजून आहे.

नव्या पाण्यात सव्वा किलो स्टॅबिलायझर जुन्या मोज्यात भरून पाणी येतं त्या तोंडाशी टांगलं, की ३० पीपीएम होतं. ४० हजार लिटरला १ पीपीएम वाढवायला १० टक्क्यांचं ताजं लिक्विड क्लोरीन ४०० मिली लागतं. कॅन सावलीत ठेवा, उन्हाळ्यात घरात पडल्या पडल्या त्याचा जोर ओसरतो. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळचा आकडा २ च्या खाली गेला नाही.

एप्रिल-मेमध्ये आळस केला आणि तरंगत्या डब्यात ट्रायक्लोरच्या, म्हणजे क्लोरीन आणि स्टॅबिलायझर एकत्र असलेल्या, गोळ्या सोडल्या. सोय चांगली, पण प्रत्येक गोळीबरोबर स्टॅबिलायझरही पाण्यात जातो आणि पीएच खाली येतो. मेअखेर स्टॅबिलायझर ८० वर. तेवढा झाला की क्लोरीन असूनही मंद पडतं, कोपऱ्यात शेवाळ धरायला लागतं. पुन्हा पाणी सोडायचं या विचारानेच पोटात गोळा आला. पण जांबोटीचा पाऊस! जून-जुलैत तलाव रोज काठावरून वाहत होता. ऑगस्टमध्ये मोजलं तर ३५. फुकटात काम झालं. अल्कलिनिटीही (पीएच स्थिर ठेवणारे पाण्यातले क्षार) धुऊन गेली, ती खाण्याच्या सोड्याने वर आणली, ७०० ग्रॅमला साधारण १० पीपीएम.

एक घाबरवणारा प्रसंग. आमचा माळी जुन्या ब्रोमीनच्या मगाने दाणेदार कॅल्शियम हायपो (हेही क्लोरीनचंच औषध) काढायला निघाला होता. "मालक, दोन्ही पांढरंच की." दोन्ही मिसळले तर पेट घेऊ शकतं. ट्रायक्लोर आणि हायपोचंही तेच. आता प्रत्येकाला वेगळा मग, वेगळं कपाट, आणि ब्रोमीनचं जुनं फीडर काढून टाकलं.

तक्रार एकच. गणपतीत पोरांची झुंबड झाली आणि डोळे चुरचुरले. तो वास जादा क्लोरीनचा नसतो, घामाशी (आणि पोरं आहेत, त्यामुळे इतरही गोष्टींशी) मिळून झालेल्या क्लोरामाइनचा असतो. एका रात्री जास्त डोस दिला, सकाळी वास गेला.

ब्रोमीनचा अर्धा डबा अजून पडून आहे. कुणाकडे झाकणाचा, गरम पाण्याचा छोटा टब असेल तर घेऊन जा. उघड्या तलावासाठी मागितलात तर देणार नाही.