स्कूटरच्या बॅटरीसाठी घेतलेला घरगुती चार्जर : दोन पावसाळ्यांच्या वापरानंतर

ज्या बॅटरीला सर्व्हिस सेंटरने दोन पावसाळ्यांपूर्वी मोडीत काढले होते, तीच बॅटरी आजही माझी स्कूटर सेल्फवर चालू करते. तेव्हा नव्या बॅटरीला जेवढे पैसे पडले असते, जवळपास तेवढ्यातच मी ०.८ अँपिअरचा स्वयंचलित चार्जर विकत घेतला. स्कूटर ११० सीसीची, भारत स्टेज ६ मधली, फ्युएल इंजेक्शनची आहे आणि बॅटरी १२ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर क्षमतेची, सीलबंद. बाकीचा तपशील कंपनीच्या पत्रकात सापडतो. मला लिहायचे आहे ते पत्रकात नसलेल्या गोष्टींबद्दल.

आमच्या डोंबिवलीत बहुतेक स्कूटर घरातून स्टेशनपर्यंत आणि संध्याकाळी स्टेशनवरून घरी एवढ्याच चालतात. सकाळी गाडी पार्किंगमध्ये लावायची, लोकल पकडायची आणि रात्री अंधारात परत काढायची. हा प्रवास दहा-बारा मिनिटांचा, त्यातही निम्मा वेळ रिक्षांच्या मागे आयडलिंगवर उभे राहण्यात जातो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलॅम्प इंजिन चालू असेपर्यंत बंद करता येत नाही. त्याच्या जोडीला इंजेक्शनचा पंप, इंडिकेटर आणि सतत दाबलेल्या ब्रेकचा दिवा. मल्टिमीटर लावून पाहिले, तेव्हा आयडलिंगवर हे सगळे चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर जेमतेम १३ व्होल्ट मिळत होते. ॲक्सिलरेटर थोडा पिळला की ते १४.२ पर्यंत चढत. शिशाची बॅटरी पूर्ण भरायला १४ व्होल्टच्या वरचा हा विद्युतदाब काही तास टिकून मिळावा लागतो, आणि स्टेशनच्या फेरीत तो कधीच मिळत नाही. बॅटरी रोज थोडी अर्धपोटी राहते, तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक साचतात, ते कालांतराने कडक होतात आणि मग चार्जिंगने विरघळत नाहीत. माझ्या मते डोंबिवली, कल्याण, बदलापूर या पट्ट्यात बॅटऱ्या लवकर जातात त्या वयामुळे कमी आणि या अर्धवट भरण्यामुळे जास्त.

सर्व्हिस सेंटरने मात्र वापराबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. त्यांनी बॅटरी मोठ्या चार्जरवर अर्धा तास लावली, लगेच मीटर टेकवून १२.९ व्होल्ट दाखवले आणि गाडी ताब्यात दिली. दुसऱ्या दिवशी सेल्फने नुसता टकटक आवाज केला. पुन्हा नेल्यावर ‘चार्ज धरत नाही, नवी टाका’ असे उत्तर मिळाले. वॉरंटीबद्दल विचारले, तर बॅटरी कंपनीच्या विक्रेत्याकडे जा म्हणाले. विक्रेत्याने ही गाडीसोबत आलेली बॅटरी असल्याने शोरूमकडे जा म्हणून सांगितले. या येरझाऱ्यांचा मला अजूनही राग आहे, कारण बॅटरी सदोष आहे की नुसती उपाशी आहे, हे तपासण्याची तसदी दोघांपैकी एकानेही घेतली नाही. चार्जरवरून उतरवल्या उतरवल्या घेतलेले माप फसवे असते. तेव्हा प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज मीटरला दिसतो, आतला नाही. बॅटरी रात्रभर नुसती ठेवून सकाळी मोजली, की खरा आकडा कळतो : अशा सीलबंद बॅटरीत १२.८ किंवा अधिक म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ च्या आसपास पाऊण, १२.२ म्हणजे साधारण अर्धी आणि १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी.

आता चार्जर. अशा लहान बॅटरीला तिच्या क्षमतेच्या एक दशांश एवढा प्रवाह द्यावा, म्हणजे ०.४ अँपिअर, ५ ते १० तास, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. माझा चार्जर त्याच्या दुप्पट आहे. मात्र तो आधी ठरावीक प्रवाह देतो, १४.४ व्होल्टला पोहोचल्यावर दाब तेवढाच ठेवून प्रवाह हळूहळू कमी करतो आणि शेवटी १३.६ वर येऊन थांबतो. त्यामुळे रात्रभर लावून ठेवला तरी बॅटरी तापत नाही. चारचाकीचा पाच-सहा अँपिअरचा चार्जर या बॅटरीला कोणीही लावू नये : आत वायू तयार होतो, वायूचा दाब वाढला की व्हॉल्व्हमधून तो निघून जातो आणि त्याच्यासोबत गेलेले पाणी परत घालण्याची सोय सीलबंद बॅटरीत नाही. वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा ॲडाप्टर लावण्याचा सल्लाही मला मिळाला होता. त्याने बॅटरी कधीच भरणार नाही, कारण १२ व्होल्टच्या बॅटरीत भर घालायला तिच्याहून अधिक दाब लागतो. पहिल्यांदा रात्रभर चार्ज करून, दिवसभर तशीच ठेवून संध्याकाळी मीटर लावला तेव्हा १२.८५ हा आकडा आला. त्या आकड्याने मला झालेला आनंद खरोखर मोठा होता, कारण ‘चार्ज धरत नाही’ हे निदान चुकीचे असल्याचा तो पुरावा होता.

एवढे चांगले असूनही पहिले काही महिने मी या सगळ्या प्रकाराला कंटाळलो होतो, आणि त्याचे कारण चार्जर नव्हता, बॅटरीच्या टर्मिनलमधला चौकोनी नट होता. दुचाकी बनवणाऱ्या आणि बॅटरी बनवणाऱ्या सर्वांनी या नटाचा एकदा गांभीर्याने विचार करावा असे मला मनापासून वाटते. टर्मिनल म्हणजे खाच असलेला शिशाचा लहान ठोकळा. त्या खाचेत हा नट नुसता ठेवलेला असतो, त्याला कशाचाही आधार नसतो. बॅटरी फूटबोर्डाखाली, झाकणाआड. स्टार स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू काढून वायर बाजूला केली, की नट खाचेतून घसरतो आणि खालच्या पोकळीत, जिथे दोन बोटेही शिरत नाहीत तिथे जाऊन पडतो. तो दोरीला बांधलेल्या चुंबकाने शोधून काढावा लागतो. नट सापडला तरी काम संपत नाही. खाचेच्या तळाशी बसलेल्या नटापर्यंत स्क्रूची टोके पोहोचत नाहीत. स्क्रूवर जोर द्यावा तर नट आणखी खाली दबतो आणि घाईत आटे तिरके बसतात. असा अर्धवट आवळलेला स्क्रू हाताला घट्ट लागतो, पण खड्ड्यांवरून गाडी गेली की वायर सैल होते. मग सेल्फ कधी लागतो, कधी लागत नाही, मीटर मध्येच शून्यावर जाऊन परत येतो, आणि गॅरेजवाला पुन्हा नवी बॅटरी सुचवतो. चांगल्या बॅटऱ्या केवळ सैल टर्मिनलमुळे बदलल्या जात असतील, याबद्दल मला शंका नाही.

यावर उपाय अगदी साधा आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा दुमडून नटाखाली खाचेत सरकवला, की नट वर उचललेला राहतो, घसरत नाही आणि स्क्रूला पहिल्याच फेऱ्यात धरतो. काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना पॉझिटिव्ह आधी, हा क्रम पाळावा. निगेटिव्ह जोडलेले असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून चासीला लागला तर थेट शॉर्ट होतो. पावसाळ्यात फूटबोर्डाखाली पाणी शिरते आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमते. ती ब्रशने काढून, स्क्रू आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला की पुढच्या पावसापर्यंत चिंता राहत नाही.

चार्जरवर खराब बॅटरी सुधारण्यासाठी म्हणून एक ‘रिपेअर’ बटण आहे. त्याबद्दलचे माझे मत या काळात बदलले. सुरुवातीला माझी बॅटरी सुधारली त्याचे श्रेय मी त्या बटणाला देत होतो. नंतर शेजाऱ्यांच्या बॅटरीवर ते कितीही वेळा वापरले तरी ती चार्जनंतर १०.५ व्होल्टवरच येऊन थांबत होती. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. आकडा १०.५ वर अडकला, म्हणजे पाच सेल जिवंत आणि एक मेलेला. त्यावर कोणत्याही चार्जरकडे इलाज नाही, आणि अशी बॅटरी बदलायला सांगणारा गॅरेजवाला बरोबरच असतो. माझ्या बॅटरीला उपयोग झाला तो नियमितपणे सावकाश पूर्ण भरण्याचा. या बटणासाठी कोणी जास्त पैसे मोजू नयेत.

चार्जरच्या खोक्यात चिमट्यांखेरीज आणखी एक वायर येते, जिच्या एका टोकाला टर्मिनलवर कायमच्या बसवायच्या गोल कड्या, मध्ये फ्यूज आणि दुसऱ्या टोकाला प्लग असतो. नटाचा त्रास संपवायचा खरा मार्ग हाच. एकदा ती बसवून प्लग फूटबोर्डाच्या कडेने बाहेर काढला, की झाकण उघडावे लागत नाही. कंपनीने प्लगला रबरी टोपी दिलेली नाही, ही उणीव कोकणपट्टीच्या पावसात मोठी आहे. मी त्यावर ट्यूबचाच तुकडा चढवला आहे.

उरला प्रश्न पार्किंगमधल्या प्लगचा. आमच्या सोसायटीत सुरुवातीला हरकत घेण्यात आली, कारण विजेवर चालणाऱ्या स्कूटरचे चार्जिंग आणि पेट्रोल स्कूटरच्या बॅटरीचे चार्जिंग हे समितीला एकच वाटले. १२ व्होल्टला ४ अँपिअर-अवर म्हणजे ४८ वॉट-अवर. चार्जरमधले नुकसान धरूनही ही बॅटरी शून्यापासून पूर्ण भरायला युनिटचा दहावा भाग पुरतो. हा हिशोब कागदावर लिहून दिल्यावर वॉचमनच्या केबिनजवळचा प्लग महिन्यातून एका रात्रीपुरता वापरण्याची परवानगी मिळाली, आणि आता आमच्या विंगमधल्या आणखी तीन स्कूटर त्याच चार्जरवर आळीपाळीने लागतात.