गोडाउनचं स्टॉक सॉफ्टवेअर आठ महिने वापरल्यावर: पिकिंग आणि मोजणीचा अनुभव

स्क्रीनवर २४ नग दिसतायत आणि पिकर (ऑर्डरचा माल रॅकवरून काढणारा) बिनसमोर, म्हणजे रॅकमधल्या नंबर दिलेल्या खणासमोर, उभा राहून ओरडतोय, "दादा, इथं १९च आहेत!" गोडाउनचं सॉफ्टवेअर कितपत कामाचं आहे हे कळायला मला आता एवढा एकच प्रसंग पुरतो. डेमोत हा प्रसंग कोणी दाखवत नाही, तिथं सगळं जुळलेलंच असतं. आठ महिने रोज वापरतोय, मधे दोन मोठे अपडेट येऊन गेले, बरंच सुधारलं, काही गोष्टी अजून तशाच आहेत. घेण्याआधी मला असं सविस्तर कुठं वाचायला मिळालं नव्हतं म्हणून लिहितोय.

आधी पिकिंगचं सांगतो. सुरुवातीला पिक लिस्ट (काय काय काढायचं त्याची यादी) आयटम कोडच्या क्रमाने यायची, म्हणजे पहिली वस्तू पहिल्या गल्लीत, दुसरी सातव्या, तिसरी परत पहिल्या, आणि पिकरचा सगळ्यात जास्त वेळ खातं ते चालणंच. सेटिंगमध्ये जाऊन लोकेशनचा क्रम लावला तरी पोरं उलटसुलट फिरतच होती, दोन दिवस कळेना काय चुकतंय, मग लक्षात आलं की आम्ही बिनना १, २, ३ असे नंबर दिलेत आणि सॉफ्टवेअर ते आकडे न धरता अक्षरं धरून लावतंय, म्हणजे १ नंतर १०, ११, १२ आणि मग कधीतरी २. सगळ्या कोडना पुढे शून्य लावून ०१, ०२ केलं आणि सगळी लेबलं परत छापून चिकटवली. नवीन घेणाऱ्यांनी हे आधीच करा, गल्ली, रॅक, लेव्हल, बिन, प्रत्येकाला सुरुवातीपासून दोन आकडे ठेवा. अपडेटनंतर सापासारखा नागमोडी मार्ग पण देता येतो, एका गल्लीतून जाताना नंबर चढते आणि पुढच्या गल्लीतून परत येताना उतरते, रिकामी फेरी पडत नाही.

ट्रॉलीवर ८ क्रेट ठेवून ८ ऑर्डर एकाच फेरीत काढतो आम्ही. आधी फक्त वस्तू स्कॅन व्हायची, त्यामुळे माल बरोबर निघायचा पण भलत्याच क्रेटमध्ये पडायचा. आता वस्तू स्कॅन, मग क्रेट स्कॅन, दोन्ही जुळलं तरच पुढची ओळ येते. एक स्कॅन वाढला म्हणून पोरं कुरकुरली, पण पॅकिंग टेबलवरून माल परत यायचा जवळजवळ थांबला तशी कुरकुर पण थांबली. आणि एक छोटी वाटणारी गोष्ट, आधी बरोबर स्कॅनला आणि चुकीच्या स्कॅनला एकच बीप होता. हातात माल असताना स्क्रीनकडे कोण बघणार? आता चुकीला वेगळा लांब आवाज येतो आणि हँडहेल्ड (हातातलं स्कॅनर) थरथरतं. माझ्या मते अख्ख्या अपडेटमधलं हे सगळ्यात उपयोगी काम.

आता मोजणी, कारण खरा त्रास तिथंच होता. जुन्या स्क्रीनवर मोजणाऱ्याला सिस्टिममधला आकडा आधीच दिसायचा. समोर ४८ लिहिलेलं असलं की दमलेला माणूस वरवर बघतो आणि ४८ टाकतो, यात त्याची नियत खराब नसते, डोळ्याला आकडा दिसला की मन तोच धरून बसतं. आता आकडा लपवायची सोय आहे. नुसता बिन स्कॅन करायचा, मोजायचं, टाकायचं. फरक आला तर सॉफ्टवेअर दुसऱ्या माणसाकडून परत मोजून घेतं आणि त्यालाही पहिला आकडा दाखवत नाही. हे चालू केलं त्या आठवड्यात फरक एवढे वाढले की आधी वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलेलं काही नव्हतं, इतके दिवस झाकलेलं बाहेर येत होतं.

दुसरी अडचण वेळेची. समजा १० वाजता एका बिनमध्ये ३० मोजले, सव्वादहाला पिकरने तिथून ४ काढले, आणि मोजणी मंजूर केली ११ ला. जुनं व्हर्जन ३० ची तुलना ११ वाजताच्या २६ शी करायचं आणि ४ जास्त सापडले म्हणून स्टॉक परत ३० करून टाकायचं! मोजणी बरोबर, पिकिंग बरोबर, तरी स्टॉक चुकला. हे सपोर्टला समजावायला आम्हाला तीन कॉल लागले, पण दुसऱ्या अपडेटमध्ये त्यांनी मोजल्याच्या वेळेचाच स्टॉक धरायला सुरुवात केली आणि हा घोळ संपला. तुम्ही कुठलंही सॉफ्टवेअर बघत असाल तर डेमोत हा प्रयोग हमखास करायला लावा.

वर्षातून एकदा सगळं बंद ठेवून मोजायचं आम्ही आता सोडायच्या बेतात आहोत. रोज सकाळी थोडे बिन मोजायला येतात, भरभर जाणारा माल वारंवार, पडून राहणारा क्वचित, आणि बिन रिकामा झाला की लगेच "खरंच रिकामा आहे का" एवढं विचारतं. रिकामा बिन मोजायला वेळच लागत नाही.

खोकं आणि नग यांचा गोंधळ मात्र आमच्याच मास्टरमधला (सिस्टिममधल्या वस्तूंच्या मूळ यादीतला) होता. नगावर १३ आकडी बारकोड, बाहेरच्या खोक्यावर बऱ्याचदा १४ आकडी. खोक्याच्या कोडला "यात १२ नग" असं सांगून ठेवावं लागतं. काही ठिकाणी ते राहिलं होतं, मग माल उतरवताना खोकं स्कॅन केलं की १ नग जमा, आणि उरलेले ११ रॅकवर आहेत पण सिस्टिमला पत्ताच नाही.

ते १९ नगांचं. आधी पिकर "१९ घेतले" टाकून पुढे जायचा आणि नसलेले ५ सिस्टिममध्ये तसेच राहायचे, पुढची ऑर्डर परत त्याच बिनवर, परत कोणीतरी रिकाम्या हाताने उभं. आता "कमी मिळाले" दाबलं की ते ५ तिथल्या तिथे अडकवून ठेवले जातात, दुसऱ्या लोकेशनला माल असेल तर त्याच फेरीत ती ओळ पुढे येते, आणि त्या बिनची मोजणी माझ्या यादीत सगळ्यात वर येऊन बसते. थेट शून्य करत नाही हे मला फार पटलं, कारण अनेकदा ते ५ शेजारच्या बिनमध्ये सापडतात.

तक्रारी राहिल्यात. लोखंडी रॅकच्या मागे वायफाय जातं, तेव्हा स्कॅन हँडहेल्डमध्येच साठून राहतात, आधी ते दोनदा जायचे आणि स्टॉक उणे व्हायचा, ते सुधारलं, पण किती स्कॅन जायचे बाकी आहेत हे पिकरला अजून दिसत नाही, दिसायलाच पाहिजे. आणि परत आलेला माल सॉफ्टवेअर अजूनही सरळ विक्रीच्या स्टॉकला धरतं, फुटलेला असो की उघडलेला. आम्ही त्यासाठी "तपासणी" नावाचं वेगळं लोकेशन करून ते पिकिंगला बंद ठेवलंय, माल बघितला की हाताने दुसरीकडे हलवतो. सपोर्टला दोनदा लिहून झालंय, पुढच्या अपडेटला परत लिहिणार.