झेरॉक्सच्या दुकानातला साउंडबॉक्स: वापरानंतरचा अनुभव

माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ आमचे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान आहे. क्यूआर कोडचा स्टिकर काउंटरवर कित्येक वर्षे आहे. रक्कम बोलून सांगणारा साउंडबॉक्स मात्र गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर भाड्याने घेतला. पाऊस, परीक्षांचा हंगाम आणि दिवाळी या तिन्हींतून तो गेला आहे. तो घ्यावा की नाही, अशा विचारात असलेल्या छोट्या दुकानदारांसाठी हे लिहीत आहे.

साउंडबॉक्समुळे पैसे लवकर येतात, असा एक समज आहे. तसे काही होत नाही. ते आधीही तितक्याच वेळात येत होते. फरक पडतो तो खात्रीचा. पूर्वी गिऱ्हाईक मोबाइल उंचावून हिरवी खूण दाखवायचे आणि आम्ही मान डोलवायचो. कॉलेज सुटल्यावर काउंटरवर एकदम गर्दी झाली, की कोणाची खूण आजची आणि कोणाची कालची हे पाहणे अशक्य होते; शिवाय हुबेहूब तशीच खूण दाखवणारी बनावट ॲपही निघाली आहेत. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ‘जरा दाखवा बघू’ म्हणणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, आणि चार रुपयांच्या झेरॉक्ससाठी ते आमच्याच्याने होत नसे. आता ‘पैसे आले का?’ हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही आणि आम्हीही विचारत नाही. दोघेही डबा बोलण्याची वाट पाहतात. मला या वस्तूचा सर्वांत मोठा उपयोग हाच वाटतो.

डब्याची भाषा निवडता येते. आम्ही मराठी लावली आहे, शेजारच्या फुलवाल्यांची तमिळ आहे आणि समोरच्या कच्छी व्यापाऱ्यांनी हिंदी ठेवली आहे. त्यामुळे रस्त्यावर कितीही गोंगाट असला, तरी रक्कम कोणाच्या गल्ल्यात पडली हे भाषेवरून कळते.

पैसे पोहोचल्याची खात्री पटवण्याची रीत देशोदेशी वेगळी आहे, हे या निमित्ताने वाचनात आले. केनियात 2007 पासून चालणाऱ्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेची सुरुवात साध्या फोनवर झाली. तिथे मोबाइलवर आलेला संदेश हीच पावती. चीनमध्ये छापील कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवण्याचे प्रकार वाढले, तेव्हा 2018 च्या एप्रिलपासून अशा छापील कोडवर दिवसाला 500 युआनची मर्यादा आली; मोठ्या दुकानांत तर गिऱ्हाईकच आपल्या मोबाइलवरचा कोड पुढे करते आणि दुकानदार तो वाचतो. जपानची गंमत अशी, की क्यूआर कोड जन्मला तिथेच, 1994 मध्ये, डेन्सो या कंपनीत, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. पण पैसे देण्यासाठी तिथले लोक 2001 मध्ये आलेल्या सुइकासारख्या रेल्वे प्रवासाच्या कार्डांना आणि रोख रकमेला बराच काळ धरून राहिले. तिथल्या कित्येक दुकानांत नोटा हातात न देता छोट्या तबकात ठेवतात, म्हणजे किती दिले ते दोघांच्याही डोळ्यांसमोर राहते. आपल्याकडे ते काम कानांवर सोपवले आहे, आणि मुंबईच्या गर्दीला तेच परवडते.

कोड कारखान्यासाठी घडवला होता, ही माहिती आमच्याही कामी आली. तेल-धूळ लागली तरी तो वाचता यावा, म्हणून त्यात मजकूर पुन्हा जुळवण्याची सोय आहे. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी चालतो. आमच्या स्टिकरवर टोनरचे डाग आहेत, एक कोपरा उन्हाने पार उडाला आहे, तरी तो वाचला जातो. मात्र तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन शाबूत हवेत, म्हणून त्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवू नयेत. रोज शटर उघडल्यावर स्वतःच्या मोबाइलने आपलाच ‘स्कॅनर’ (सगळे गिऱ्हाईक स्टिकरला हेच म्हणते) एकदा तपासून नाव आपलेच येते ना, हे पाहावे; स्टिकर बदलणारे भामटे आपल्याकडेही आहेत.

सुट्ट्यांची कटकट जवळजवळ संपली. रुपया नाही म्हणून चॉकलेट हातावर टेकवणे बंद झाले. दुपारी एखाद्या बँकेचा सर्व्हर रखडला, की ज्या मुलांनी 2022 मध्ये आलेले यूपीआय लाइट घेतले आहे त्यांचे व्यवहार बहुधा पार पडतात, कारण ती रक्कम आधीच बाजूला काढलेली असते आणि पिनही लागत नाही. पेन्शनीतली मंडळी अजून रोखच देतात आणि गल्ल्यात त्यांच्यासाठी दहाच्या नोटा ठेवाव्याच लागतात. त्यांना शिकवण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

आता उणिवा. डबा रक्कम सांगतो, नाव सांगत नाही. दोघांनी एकाच वेळी दहा-दहा रुपये भरले आणि आवाज एकदाच आला, तर कोणाचे अडकले हे ॲप उघडूनच पाहावे लागते, आणि नेमके गर्दीत तेच जमत नाही. त्याचे सिमकार्ड स्वतःचे असले, तरी मुसळधार पावसात रेंज जाते. मग पैसे खात्यात आलेले असतात आणि डबा गप्प असतो. अशा वेळी नवखे गिऱ्हाईक घाबरून पुन्हा पैसे भरू लागते, त्याला हात धरून थांबवावे लागते. आवाज पूर्ण वाढवला तरी बसचा हॉर्न त्याला गिळतो.

सर्वांत खुपते ते भाडे. 2020 च्या जानेवारीपासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही, हे खरे. पण ते पैसे आल्याचे सांगणाऱ्या डब्याला महिन्याला शंभराच्या आसपास मोजावे लागतात. दोन रुपयांच्या हिशेबाने पन्नास झेरॉक्स त्यातच गेल्या. तरीही बुडणाऱ्या पैशांपेक्षा हे स्वस्त पडते, म्हणून डबा ठेवला आहे. मे महिन्यात मात्र कॉलेजे बंद असतात आणि आम्हीही गावी जातो. तेवढ्या काळापुरते भाडे थांबवा, असे आमच्या बँकेला सांगून पाहिले. डबा परत करा आणि जूनमध्ये नव्याने अर्ज करून अनामत पुन्हा भरा, एवढेच उत्तर मिळाले. घेताना ही अट आधी विचारून घ्यावी. आमच्या करारात ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होती.